आमच्या घरची भाकर

शनिवारची दुपार होती. चुलीतला जाळ बारीक करून मी कणीक तिंबत होते, आणि मागच्या दाराशी रिबका येऊन उभी राहिली.

रिबका म्हणजे माझी धाकटी जाऊ. धाकटे दीर कामापायी वर्षातले बरेच महिने बाहेरगावी असायचे. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये काय ते एक शेवग्याचं झाड. रोज एकमेकींना दिसायचो, पाण्याला बरोबर जायचो, सणासुदीला ताटं इकडून तिकडे जायची. पण माझ्या चुलीपर्यंत ती सात वर्षांत आली नव्हती. लोकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भांडण असतं तर आलं असतं. आमच्यात भांडण नव्हतं.

"जाऊबाई, दोन शब्द बोलायचे होते."

"दिसत नाही का, उद्याची भाकर चाललीय," मी म्हटलं.

"दिसतंय. करा तुम्ही. मी बसते इथं." आणि ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली.

आता तुम्ही म्हणाल, भाकर करायला एवढा काय थाट? सांगते. आमची वस्ती चाळीस-पन्नास उंबऱ्यांची, सगळी ख्रिस्ती. मधोमध दगडी चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. प्रभूने मरणाआधी शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची ती आठवण. शहरातल्या चर्चच्या मंडळ्या बेकरीच्या पावाचे तुकडे करून वाटायच्या, आमच्याकडे ते चालत नसे. भाकर घरीच व्हायची, आणि एकाच घरी, आमच्या. माझ्या आजेसासूपासून. तीनदा चाळलेलं गव्हाचं पीठ, मीठ नाही, तेलाचं बोट नाही. जाड लाटायची आणि मंद तव्यावर अशी भाजायची, की एक काळा डाग पडता कामा नये. पडला तर ती घरच्यांनी खायची आणि दुसरी करायची. सासूबाईंनी मला हे शिकवायला दोन वर्षं घेतली. त्यांचा देवावर जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या हातावर नव्हता.

आणि एक रिवाज होता. शनिवारी चारच्या सुमाराला मंडळीचे वडील भाकर न्यायला यायचे. वडील म्हणजे मंडळीने निवडलेला कारभारी माणूस. तेव्हा बर्नबाअण्णा होते. पितळी ताट आणि धुतलेला पांढरा रुमाल घेऊन ते पुढच्या दाराबाहेर उभे राहायचे, आणि विचारायचे, "बाई, या घराचं कुणाशी वाकडं आहे का?" आपण म्हणायचं, "नाही अण्णा, प्रभूची शांती आहे." मग भाकर ताटात. आहे म्हटलं, तर अण्णा रिकामं ताट घेऊन दुसऱ्या घरी जाणार. देवापुढे काही ठेवायच्या आधी जाऊन भावाशी समेट कर, असं शास्त्रातच सांगितलंय, त्यावरून कुणा जुन्या माणसाने हे बसवलं असेल. आमच्या दारातून रिकामं ताट कधी गेलं नव्हतं.

मला मूलबाळ झालं नाही. वस्तीतल्या बायका तोंडावर काही म्हणत नसत, पण बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हाती येत नाही, एवढं मला कळत होतं. त्याच बायका महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या हातचा तुकडा डोळे मिटून जिभेवर ठेवायच्या. मला तेवढं पुरायचं. खरं सांगायचं तर माझ्यापाशी तेवढंच होतं. ती भाकर माझ्याकडून गेली असती तर मी वस्तीत कोण होते? प्रभाकरची बायको, मूल नसलेली.

"पाळकसाहेब काल घरी आले होते," रिबका पायरीवरून म्हणाली. "उद्या कृपाचा बाप्तिस्मा करायचा म्हणतात."

"बरं झालं की. उशीरच झाला."

कृपा तिची लेक, आठ वर्षांची. तिचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना एकदा अर्ध्यावर थांबला होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तिला हातावर घेतलं, पाण्यासाठी टोपरं काढलं. ती रडायला लागली, हातपाय झाडायला लागली आणि झबल्याची बाही वर सरकली. दंडाला काळा दोरा आणि त्यात तांब्याचा ताईत. पाळकांचा पाण्यातला हात पाण्यातच राहिला. हे कुणी बांधलं, त्यांनी विचारलं. सगळी मंडळी रिबकाकडे बघत होती. रिबका बऱ्याच वेळाने म्हणाली, "लेकरू माझं आहे."

झालं. बाप्तिस्मा राहिला. मंडळीने ठरवलं, रिबकाने सगळ्यांसमोर उभं राहून 'ताईत मी बांधला, मला क्षमा व्हावी' असं म्हणावं, तोवर तिने प्रभुभोजन घेऊ नये. केवढंसं ते वाक्य. पुढच्याच रविवारी म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. रिबका म्हणाली नाही. दर रविवारी यायची, सगळ्यात मागे बसायची, गाणी म्हणायची, उपदेश ऐकायची, आणि भोजनाची वेळ आली की उठून बाहेर जायची. सात वर्षं. बायका म्हणायच्या, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी ऐकून घ्यायची.

"साहेब म्हणतात, उद्या पुढे या, तेवढं वाक्य म्हणा, लगेच पोरीला पाणी घालतो," रिबका सांगत होती. "कृपानेच त्यांच्याकडे हट्ट धरलाय. तिच्या बरोबरीच्या सगळ्यांचा झालाय ना."

"मग म्हण की. त्यात काय?"

 मी कणकेला मुठीने रेटत राहिले. कणीक कधीच मळून झाली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "ताईत कुणी बांधला होता?"

मी दाराबाहेर पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं.

ताईत मी बांधला होता.

कृपा सहा महिन्यांची असताना तिला ताप चढला तो उतरेना. मध्येच डोळे पांढरे करायची, अंग ताठ करायची. डॉक्टरचं औषध चालू होतं, प्रार्थनाही चालू होत्या. ते लेकरू माझं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून न्हाऊ मीच घालायची. चौथ्या दिवशी भर उन्हात मी नदी उतरून पलीकडच्या गावात गेले. तिथे एक म्हातारा दोरा मंतरून द्यायचा. भला माणूस होता, त्याने आधी मला पाणी पाजलं आणि लेकराचं नाव विचारलं. मी आले तेव्हा रिबकाला तीन दिवसांच्या जागरणाने बसल्या बसल्या डुलकी लागली होती. मी दोरा बांधला. त्या संध्याकाळी ताप उतरला. औषधाने उतरला, प्रार्थनेने की दोऱ्याने, मला आजही माहीत नाही, आणि तेव्हा मला त्याची पर्वाही नव्हती.

दोन महिने मी तो बाहीखाली झाकून ठेवला. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी रिबकाच्या नजरेला पडला. ओरडली नाही. "तुम्ही बांधलात, तुम्हीच सोडा," म्हणाली. मी हो म्हटलं. सकाळी न्हाऊ घालताना गाठीला हात लावला आणि हात धजेना. परत ताप आला तर? मी लांब बाह्यांचं झबलं घातलं आणि पोर तिच्या हातात दिली. सोडला का म्हणून तिने विचारलंही नाही. मी हो म्हटलं होतं ना.

म्हणून पाळकांनी विचारलं तेव्हा रिबकाने माझ्याकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. मी सतरंजीच्या रेघा मोजत होते. सासूबाईंनी त्याच महिन्यात भाकरीचं काम माझ्या हाती दिलं होतं. मूग गिळून बसले. ती थांबली, थांबली, आणि मग म्हणाली, 'लेकरू माझं आहे.' मी बांधला, असं ती म्हणालीच नव्हती. लोक तसं धरून चालले.

नंतर सांगू, असं मी मनाशी म्हणत गेले. आधी सासूबाईंचं आजारपण होतं, मग त्या गेल्या, मग इतके दिवस झाले होते की आता काय सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बर्नबाअण्णा दर महिन्याला विचारायचे आणि मी मनात म्हणायची, वाकडं म्हणजे भांडण; माझं नि रिबकाचं कुठे भांडण आहे? माणूस स्वतःला काय काय पटवून देतो, त्याला सुमार नाही.

"अगं, किती जुनी गोष्ट," मी हलक्या आवाजात म्हटलं. "चार शब्द म्हण आणि मोकळी हो. देवाला खरं काय ते माहीत आहे."

"त्याला माहीत आहे, म्हणूनच म्हणवत नाही."

"म्हणजे?"

"माणसांपुढे मी गप्प बसले, जाऊबाई. त्यांना जे समजायचं ते समजले. ते चाललं. पण हे त्याच्यापुढे उभं राहून, डोळे मिटून म्हणायचंय. जे केलं नाही त्याची क्षमा कशी मागू? एकदा त्याच्यापुढे खोटं बोलले, तर मग पुढे प्रार्थना कोणत्या तोंडाने करू?"

"म्हणून तू सात वर्षं भोजन घेतलं नाहीस?"

"मग तुम्हाला काय वाटलं, ताठा?"

मला तसंच वाटलं होतं. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

"पण मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

"ते सांगायचं काम माझं नव्हतं," रिबका म्हणाली, आणि उठून तिने पदर झटकला. "मी काही मागायला आले नाही. उद्या मी कृपाला घेऊन पुढे जाणार, आणि ते वाक्य म्हणणार नाही. मग पोरीचं परत राहील. रडेल बिचारी. तुम्ही पुढे बसता, एकदम कानावर पडायला नको, म्हणून आधी सांगून ठेवलं." दोन पावलं गेली आणि वळली. "तवा फार तापलाय बघा. डाग पडेल."

पडलाच. पहिली भाकर करपली. दुसरीला कडेला काळं लागलं. तिसरी जमली. मी ती फडक्यात गुंडाळली, चूल सारवली, हातपाय धुतले आणि चार वाजायची वाट बघत बसले. अण्णांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. खोटं नाही सांगत, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

बर्नबाअण्णा आले. सत्तरीचा माणूस, डोक्याला पागोटं, चालताना एक पाय ओढायचे. या घरात मी नवरी म्हणून आले तेव्हापासून मला लेकीसारखं वागवायचे. आज त्यांचा चेहरा फुललेला होता.

"येताना रिबकाबाई तुमच्या मागच्या दारातून निघताना दिसल्या," ते म्हणाले. "बरं वाटलं बघा. उद्या त्या बोलणार म्हणे. जावाजावांचं असं असावं." मग त्यांनी ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि आवाज बदलून विचारलं, "बाई, या घराचं कुणाशी वाकडं आहे का?"

माझं तोंड उघडलं. समोर ते ताट, त्यावर घडी घातलेला रुमाल. ते रिकामं ताट गल्लीतून परत चाललंय आणि दारादारांतून बायका बघताहेत, असं मला दिसलं.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "प्रभूची शांती आहे."

"आमेन," अण्णा म्हणाले, आणि भाकर घेऊन गेले.

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "आज गप्प गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. यांना ताईताचं काहीच माहीत नव्हतं. पुतणीचा बाप्तिस्मा म्हणून आनंदात होते, तिच्यासाठी पांढऱ्या रिबिनी आणल्या होत्या.

सकाळी नऊला घंटा झाली. आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, सगळे सतरंज्यांवर. समोर टेबल, त्यावर माझी भाकर पांढऱ्या रुमालाखाली, शेजारी पाण्याचं भांडं. माझा आवाज बरा होता, गाण्याची पहिली ओळ मीच उचलायची. त्या दिवशीही उचलली. तोंडातून शब्द बाहेर पडत होते आणि मला त्यातला एकही ऐकू येत नव्हता. दर महिन्याला असंच होत होतं का, की आजच लक्षात आलं, कोण जाणे.

पाळकसाहेब नवे होते, तरुण, मनाने मऊ. "रिबकाबाई, पुढे या," ते हसून म्हणाले. "आज मंडळीला आनंदाचा दिवस."

रिबका कृपाचा हात धरून मागून पुढे आली. कृपाच्या दोन वेण्या, त्यांत काकांच्या रिबिनी, पांढरा परकर. ती पाण्याच्या भांड्यात डोकावून बघत होती.

"बोला बाई. एवढं एकच वाक्य."

रिबकाने कृपाला जवळ ओढलं.

"घाबरू नका. सगळी आपलीच माणसं आहेत."

"घाबरत नाही, साहेब. मला ते वाक्य म्हणता येत नाही."

मागून एक बाई पुटपुटली, "ये रे माझ्या मागल्या." पाळकसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बर्नबाअण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली.

"मग मला पाणी घालता येणार नाही, बाई. नियम मी एकट्याने मोडू शकत नाही."

"माहीत आहे मला."

कृपाने आईचा पदर ओढला. "म्हण ना, आई. म्हण ना गं."

मी वाट बघत होते, की रिबका माझ्याकडे बघेल. सात वर्षांपूर्वी बघितलं होतं तशी. बघितलं असतं, तर कदाचित मी पुन्हा सतरंजीच्या रेघा मोजल्या असत्या. माझी काही खात्री नाही. पण तिने बघितलंच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती, पोरीचा हात धरून. मी तिथे बसलेय हेही तिच्या लेखी नव्हतं. माझ्याकडून कशाची आशाच उरली नव्हती तिला. ते मला सोसवलं नाही.

उठले कशी ते आठवत नाही. गुडघा वाजला तेवढं आठवतं.

"ताईत मी बांधला होता," मी म्हटलं.

पाळकसाहेब माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. "दीनाबाई, जावेवरचं तुमचं प्रेम कळतं. पण दुसऱ्याचं पाप असं आपल्या अंगावर घेता येत नाही. बसा तुम्ही."

अशा वेळी हसावं की रडावं? सात वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांना खरं वाटलं, आणि आता खरं बोलले तर कुणी ऐकायला तयार नाही.

"मी माझंच घेतेय, साहेब," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. नदी, दोरा, लांब बाह्यांचं झबलं. तिने सोडायला सांगितलं होतं आणि मी हो म्हणून सोडला नाही, तेही. मध्ये थांबले नाही. पुरुषांच्या बाजूला हे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बोलून झालं. बर्नबाअण्णा उठले आणि पाय ओढत माझ्यासमोर आले.

"बाई, काल मी दारात विचारलं होतं."

"हो, अण्णा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"खोटं बोलले."

"आणि गेल्या महिन्यात?"

"तेव्हाही. दर महिन्याला, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते टेबलाशी गेले, रुमालासकट ताट उचललं, आणते वेळी धरायचे तसंच दोन्ही हातांनी धरून परत आले आणि माझ्या हातात दिलं.

"ही घरी न्या, बाई," म्हणाले. "आम्हाला मोडता यायची नाही."

"अण्णा, मग भोजन?" पाळकसाहेबांनी घाबरून विचारलं.

"आज नाही, साहेब. इतकी वर्षं आम्ही काय खाल्लं ते आधी कळू दे." मग ते कृपाकडे वळले. "पण या लेकराला पाणी घाला. हिला फार थांबवलं आपण."

मी ताट घेऊन निघाले. दोन्ही बाजूंनी माणसं, मधून मी. कुणी पाय मागे घेतले, कुणी नुसतं बघितलं. मागे एकजण बोलला ते मला ऐकू आलं, "आजची उपासना फुकट गेली."

बाहेर दाराला तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर मी बसले, ताट मांडीवर. घरी जायला हवं होतं, पण उठवेना. आत पाळकसाहेबांनी कृपाचं नाव घेतलं ते ऐकू आलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. मग ती एकदम हसली, पाणी गार असेल. मग गाणं सुरू झालं. पहिली ओळ कुणी उचलावी हे न कळून थोडं अडखळलं आणि मग सगळ्यांनी मिळून धरलं.

गाणं चालू असतानाच रिबका बाहेर आली. मला वाटलं, तिच्या पाया पडावं. ती माझ्या शेजारी बसली, मध्ये हातभर जागा ठेवून.

"इथं सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "प्रार्थनासुद्धा. फक्त वारा उलटा असला की नाही."

तेव्हा मला कळलं, भोजनाच्या वेळी उठून ती घरी जात नव्हती. सात वर्षं ती याच पायरीवर बसत होती. आत मी माझ्या भाकरीकडे बघत असायची आणि ही इथे असायची.

"रिबका," मी म्हटलं, "मला माफ केलंस का?"

ती हाताच्या बोटांकडे बघत राहिली.

"अजून नाही, जाऊबाई."

 खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती हो म्हणेल. मी एवढं सगळ्यांसमोर उभी राहिले होते.

"तुम्ही आज बोललात, ते फार झालं. कृपाचं झालं," ती म्हणाली. "पण मनात नाही आलंय अजून. उगाच हो कसं म्हणू? आलं की सांगेन."

"आणि नाही आलं तर?"

"मागेन त्याच्यापाशी. रोज मागेन. पण आल्याशिवाय म्हणणार नाही."

ती उठली आणि लेकीकडे आत गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. हे माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, मग एके दिवशी म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस," आणि विषय संपवला. मंडळीने मला सहा महिने भोजनाबाहेर ठेवलं. भाकर दुसऱ्या घरी गेली ती गेलीच, पुन्हा आमच्याकडे आली नाही. बायका पाण्यावर कुजबुजायच्या. मला त्याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी हात कणकेला शिवशिवायचे. सहा महिने झाल्यावर बर्नबाअण्णा घरी आले, म्हणाले, "झालं बाई, आता या." मी गेले नाही. अण्णांना म्हटलं, तुमचं झालं, पण एका माणसाचं अजून व्हायचंय. भोजनाची वेळ आली की मी उठून पायरीवर बसायची. तिथून गाणं ऐकायची, आणि खरं सांगते, पहिल्यांदा त्यातले शब्द मला कळायला लागले.

रिबका रोज दिसायची. पाण्याला बरोबर जायचो. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी काही म्हटलं नाही. कधी कधी तिचा राग यायचा मला. किती वेळ लावते ही बाई? मग माझी मलाच लाज वाटायची.

सव्वा वर्ष गेलं. पावसाळा संपून उन्हं पडायला लागली होती. मंगळवार होता. मी चुलीपुढे बसून शेंगा सोलत होते आणि ती मागच्या दाराने सरळ आत आली, धापा टाकत.

"आलं," म्हणाली.

"काय आलं?"

"मनात आलं, जाऊबाई. आत्ता, भांडी घासता घासता एकदम. म्हटलं, जाईल परत, त्याच्या आत सांगावं."

तिचे हात कोपरापर्यंत राखेने भरलेले होते. भांडी तशीच टाकून आली होती.